जे मागाहून करता येत नाही

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात भातसा नदीवर 88.5 मीटर उंचीचे धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा ते बांधणाऱ्या आणि पुढे त्याची देखभाल करणाऱ्या नोकरवर्गाच्या निवाऱ्यासाठी जी वसाहत उभी राहिली तिला भातसानगर असे नाव मिळाले. आपल्याकडील जुनी गावे कोठे बाजारपेठेच्या ओढीने, कोठे तीर्थाच्या पुण्याईने, तर कोठे किल्ल्याच्या आश्रयाने वसली. या वसाहतीस त्यांपैकी एकही कारण लागू पडत नाही. मुंबईस पाणी हवे होते, म्हणून भातसानगर झाले. मुंबई महानगरपालिकेच्या सात तलावांची एकूण साठवणक्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर असून तीपैकी 7,17,037 दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसाची आहे. त्याच तालुक्यातील तानसा तलाव 1892 सालापासून मुंबईची तहान भागवीत आला आहे. आणि तरीही चैत्र-वैशाखात शहापूर तालुक्यातील डोंगरपाड्यांवर कातकरी, ठाकूर, वारली आणि महादेव कोळी स्त्रिया रिकामे हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, ही विसंगती वर्तमानपत्रांच्या वाचकांस इतकी परिचयाची झाली आहे की तिचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहापूरच्या गावांस व पाड्यांस पोहोचविण्याची योजना आखावी लागली, यातच सारे आले.

आता मुंबईची दुसरी गरज या तालुक्याच्या दाराशी येऊन उभी आहे, आणि ती पाण्याहून अधिक दूरगामी परिणाम करणारी आहे. ती गरज म्हणजे निवारा. डोंबिवली भरली, मग कल्याण भरले, मग अंबरनाथ-बदलापूर भरले. आणि ज्यास तेथेही घर घेणे परवडेनासे झाले तो पगारदार मनुष्य कसारा लोकलच्या वेळापत्रकावर बोट ठेवून वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी असा एकेक थांबा पुढे सरकू लागला. मुंबई-आग्रा महामार्ग तर पूर्वीपासून होताच. त्यात 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्याने शहापूरच्या जमिनीस नवे मोल आले. शेजारच्या मुरबाड तालुक्यात औद्योगिक वसाहत आहे, कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता आहे आणि कल्याण-मुरबाड लोहमार्गाची जुनी मागणी आहे. 2011च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 14 हजार, तर मुरबाडची सुमारे 1 लाख 90 हजार होती. हे आकडे आज जुने झाले आहेत, हे सांगावयास नवी शिरगणती हवी असे नाही.

अशा वाढत्या प्रदेशाचा कारभार पाहणारे नेमके कोण, या पहिल्याच प्रश्नापाशी सामान्य वाचक गोंधळात पडतो, आणि त्याचा गोंधळ अकारण नाही. शहापूर आणि मुरबाड या तालुक्याच्या गावांस 2015 साली नगरपंचायती मिळाल्या. 74व्या घटनादुरुस्तीनंतर खेडे आणि शहर यांच्या दरम्यानच्या, संक्रमणावस्थेतील वस्तीसाठी योजलेली ही संस्था आहे आणि महाराष्ट्रात तिचे सदस्य 17 प्रभागांतून निवडून येतात. परंतु वाढ नगरपंचायतीच्या शिवेशी थांबत नाही. ती स्थानकालगतच्या ग्रामपंचायतींत शिरते, आणि तेथे ग्रामसेवकाची कचेरी, तलाठ्याचे दप्तर आणि जिल्हा परिषदेची मंजुरी एवढ्या साधनांवर सातमजली इमारतींच्या वस्तीचा गाडा हाकावा लागतो. धरण आणि त्याची वसाहत पाटबंधारे खात्याकडे, जंगल वनखात्याकडे, कारखान्यांचे क्षेत्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, महामार्ग त्या त्या प्राधिकरणाकडे, स्थानक रेल्वेकडे, आणि या सर्वांच्या फटींतून उरलेले मनुष्याचे दैनंदिन जीवन तेवढे ग्रामपंचायतीकडे, अशी ही वाटणी आहे.

खात्याच्या वसाहतीत एक सोय असते. तेथील नळ, दिवे आणि रस्ते कार्यकारी अभियंत्याच्या हुकुमाखाली असल्यामुळे काही बिघडले तर अर्ज कोणाकडे करावयाचा, हे रहिवाशास नक्की ठाऊक असते. पण त्या सोयीची किंमतही असते. तेथे नोकर राहतो, नागरिक राहत नाही, आणि काम सरले की खाते हात आखडते. स्थानिक स्वराज्य याच्या नेमके उलट आहे. तेथे अर्ज करणाराच मालक असतो, पण आपण मालक आहोत हे त्याला पाच वर्षांतून एकदाच आठवते. कल्याणलगतच्या 27 गावांचा इतिहास या संदर्भात डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. ही गावे 1983 साली महापालिकेत घेतली गेली, 2002 साली वगळली गेली आणि 2015 साली पुन्हा समाविष्ट झाली. या येरझाऱ्या चालू असताना बांधकामे मात्र एक दिवसही थांबली नाहीत. आणि ज्या काळात कोणाचाच अंमल निश्चित नव्हता त्याच काळात उभ्या राहिलेल्या चाळींचे व इमारतींचे ओझे पुढे आलेल्या प्रत्येक कारभाऱ्याच्या माथी आले.

शहापूरच्या बाबतीत आणखी एक नाजूक गोष्ट आहे. हा तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि 1996च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस जमीन, जंगल व पाणी यांविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. गाव नागरी झाले की ग्रामसभा संपते. तेव्हा आदिवासी पाड्यांना नगराच्या हद्दीत ओढून घेताना त्यांच्या पदरी नळ, दिवा व गटार यांची हमी पडते की नुसती घरपट्टी पडते, हा प्रश्न हद्द आखण्यापूर्वी विचारला जाणे अगत्याचे आहे. हद्द आखून झाल्यावर तो विचारणाऱ्यास कोणी उत्तर देत नाही.

असो. कारभारी कोणीही असला तरी त्याच्यापुढे कामांची यादी लांब आणि पैका तोकडा असणारच; म्हणून कारभाराची खरी परीक्षा कामांच्या क्रमात होते. आपल्याकडे हा क्रम बहुधा दृश्यतेवरून ठरतो. जे डोळ्यांस दिसते, ज्यास नारळ फोडता येतो, ज्यावर नामफलक बसविता येतो, ते आधी. म्हणून प्रवेशद्वाराची कमान, चौकाचे सुशोभीकरण, विजेचे उंच मनोरे आणि सिमेंटचा रस्ता ही कामे अंदाजपत्रकात पुढे सरकतात, आणि नाल्याची मोजणी, गटाराचा उतार, क्षेपणभूमीची निवड ही कामे वर्षानुवर्षे ‘विचाराधीन’ राहतात. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की वाढत्या नगराने क्रम ठरविताना एकच कसोटी लावावी: जे काम आज केले नाही तर मागाहून कितीही द्रव्य ओतले तरी होणार नाही, ते आधी, आणि जे उद्या, परवा किंवा दहा वर्षांनीही पैसे हाती आल्यावर होऊ शकेल, ते नंतर.

या कसोटीवर पहिला मान जमिनीचा. रस्त्याचे डांबर कधीही घालता येते, पण रस्त्याची रुंदी एकदाच मिळते. दोन्ही बाजूंस इमारती उभ्या राहिल्या की तीच रुंदी मिळविण्यासाठी घरे पाडावी लागतात आणि घर पाडण्याचे धैर्य कोणत्याही निर्वाचित सभेस सहसा होत नाही. शाळेचे पटांगण, दवाखाना, स्मशानभूमी, बाजार, एस.टी.चा थांबा, स्थानकाबाहेर रिक्षा उभ्या राहण्याची मोकळी जागा, या सर्वांचे तेच. 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यान्वये विकास आराखड्यात अशा जागा आरक्षित करता येतात. परंतु नकाशावर रंग भरला म्हणजे जागा हाती आली, असा समज करून घेण्यात धोका आहे. आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही तर मालकास खरेदीची नोटीस देता येते, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण रद्द होते. महाराष्ट्रातील कितीतरी शहरांची उद्याने आणि क्रीडांगणे याच मार्गाने हातची गेली.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो परदेशातून आणावयास हवा असेही नाही. 1915 साली मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला, त्यात ही युक्ती होती: एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या आणि उरलेल्या जमिनीचे रेखीव भूखंड पाडून ते प्रत्येक मालकास त्याच्या हिश्श्याप्रमाणे परत द्यावयाचे. मालकाची जमीन कमी होते, पण तिला रस्ता, पाणी व दर्शनी बाजू मिळाल्याने तिचे मोल वाढते. गुजरातेने ही परंपरा टिकविली आणि अहमदाबादचा विस्तार मोठ्या प्रमाणावर याच रीतीने घडविला. महाराष्ट्रात ती दीर्घकाळ मागे पडली. आसनगाव-वाशिंदच्या परिसरात जेथे अजून भातखाचरे मोकळी आहेत तेथे हा मार्ग आजही खुला आहे. मात्र 1089 चौरस फुटांच्या गुंठ्यागुंठ्याने सातबारे फुटू लागले आणि 1947च्या तुकडेबंदी कायद्याचा उद्देशच विफल झाला, की एकत्र करावयास पाच मालक न राहता पाचशे राहतात, आणि पाचशे जणांची संमती मिळविणे ब्रह्मदेवासही शक्य नाही.

जमिनीच्या पाठोपाठ पाण्याची वाट. शहापूर गावातून भारंगी नदी वाहते, ती पुढे भातसेस मिळते. भातसा काळूस आणि काळू उल्हास नदीस मिळते. सह्याद्रीच्या उतरणीवर आषाढात जो पाऊस कोसळतो तो नदीनाल्यांचा सातबारा पाहून वाहत नाही. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते: सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मज्जाव आणि दोन रेषांच्या दरम्यान कडक निर्बंध, हा नियम. तो न पाळल्याचे फळ पाहावयाचे असेल तर फार लांब जाण्याचे कारण नाही. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या 2001 साली सुमारे 98 हजार होती, ती 2011 साली 1 लाख 74 हजारांवर गेली. उल्हास नदीच्या काठाने वसाहती पसरत गेल्या. आणि 26 जुलै 2005 रोजी जो महापूर आला त्याचीच पुनरावृत्ती जुलै 2019 मध्ये झाली. त्या खेपेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक उतारूंसह पाण्यात अडकली होती. ओढ्याचे पात्र बुजवून त्यावर इमारत बांधण्यास एक उन्हाळा पुरतो. ते पात्र पुन्हा मोकळे करण्यास एक पिढीही पुरत नाही. म्हणून प्रत्येक ओढ्याची, नाल्याची व बांधाची मोजणी करून त्याच्या हद्दीचे दगड रोवणे, हे नव्या नगरपंचायतीच्या पहिल्या वर्षाचे काम असावयास हवे.

तिसरे स्थान पिण्याच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे, आणि ही दोन एकत्रच. विहार तलावाचे पाणी 1860 साली मुंबईच्या नळांस आले तेव्हा शहराने आनंद मानला. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर जाईल कोठे, याची तजवीज अपुरी राहिल्याने शहराची घाण आणि ओल वाढली, व पुढे मलनिस्सारणासाठी कित्येक दशके खर्ची पडली. हा धडा शहापूरने गिरवू नये. ग्रामीण नळयोजनेचे प्रमाण जलजीवन मिशनप्रमाणे दरडोई दर दिवशी 55 लिटर आहे, तर शहरी योजनेसाठी 135 लिटर धरले जातात. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत उद्वाहनाच्या इमारती उभ्या राहतात तिची नळयोजना 55 लिटरच्या हिशोबाने आखली जाते, मग तूट भरून काढण्यासाठी प्रत्येक इमारत आपली कूपनलिका खोदते, आणि पाषाणातील पाणी आटले की टँकर येतो. पाड्यावरचा टँकर आणि संकुलातला टँकर एकाच विहिरीवर उभे राहू लागले, म्हणजे दुर्बलाचा हंडा मागे पडतो हे सांगावयास नको.

सांडपाण्याची गोष्ट तर मुंबईकरानेही कान देऊन ऐकावी अशी आहे. भातसा धरणाचे पाणी मुंबईकडे जाते ते प्रथम नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे उपसले जाते आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन नळांत सोडले जाते. शहापूर, आसनगाव, वाशिंद, खडवली ही सारी गावे पिसे बंधाऱ्याच्या वरच्या अंगास आहेत. म्हणजे या गावांच्या न्हाण्यांचे, संडासांचे व गटारांचे पाणी शुद्धीकरणावाचून भारंगीत आणि भातसेत गेले, तर ते अखेरीस मुंबईच्याच दारी जाणार. पांजरापूरचे शुद्धीकरण केंद्र आपले काम करील. पण नदी जितकी मलिन तितका त्याचा खर्च आणि जोखीम अधिक. म्हणून शहापूर परिसरातील मलजल-शुद्धीकरणाचा खर्च हा केवळ शहापूरच्या नगरपंचायतीने आपल्या तोकड्या उत्पन्नातून सोसावा, हे न्यायास धरून नाही. ज्या महानगराने या तालुक्याचे खोरे आपल्या तहानेसाठी घेतले, त्याने त्या खोऱ्याच्या स्वच्छतेत वाटा उचलणे हे दान नव्हे. ती स्वतःच्या पाण्याची राखण आहे.

चौथे, कचरा. या विषयावर सभांतून फार विनोद होतात आणि काम फार थोडे होते. ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करावा, असे 2016च्या नियमांनी सांगितले. शहर लहान असताना ही सवय लावणे जितके सोपे तितकेच ते मोठे झाल्यावर दुष्कर. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीवर वर्षानुवर्षे डोंगर रचला गेला, त्यास आगी लागत राहिल्या, आणि अखेर 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची नीट व्यवस्था होईपर्यंत कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांस परवानगी देण्यास मनाई केली. कचऱ्याची जागा आरंभीच निश्चित करून तिच्याभोवती वस्ती न येऊ देणे, ही गोष्टही जमिनीसारखीच आहे. चोहोंकडे घरे झाल्यावर कोणतेही गाव आपल्या शेजारी कचरा घेण्यास तयार होत नाही, आणि त्यास दोष देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे खरे, पण पैका कोठून आणावयाचा?’ आक्षेप रास्त आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेले कर वस्तू व सेवा करात विलीन झाले, आणि लहान नगराच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याचे शुल्क व वरून येणारे अनुदान एवढेच उरले. परंतु वर सांगितलेल्या कामांपैकी जी सर्वांत आधीची आहेत ती सर्वांत कमी खर्चाची आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नाल्यांची मोजणी, हद्दीचे दगड, पूररेषेची नोंद, रस्त्यांच्या रुंदीचा ठराव आणि आकारणीयोग्य प्रत्येक मिळकतीची प्रामाणिक नोंद यांस कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो मोजणीदार, दप्तरदार आणि नकार देण्याचे बळ असलेला मुख्याधिकारी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. म्हणजे क्रमाचे तत्त्व दिल्लीसही पटलेले होते. राहिला प्रश्न घरपट्टीचा. केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभी राहिलेली आणि आकारणीतून निसटलेली प्रत्येक इमारत ही प्रामाणिक करदात्याच्या खिशाला लागलेली गळती आहे, आणि ती बुजविल्यावाचून नवा कर बसविण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सभेस नाही.

हे सर्व सभागृहातील सतरा जणांवर सोडून भागणार नाही. 18 मे 1882 रोजी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा जो सुप्रसिद्ध ठराव केला त्यात कारभाराच्या सुधारणेपेक्षाही लोकांच्या राजकीय शिक्षणास अधिक महत्त्व दिले होते. पुढे नामदार गोखले यांनी पुणे नगरपालिकेचे, आणि वल्लभभाई पटेल यांनी अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले, ते हेच शिक्षण घेत आणि देत. आज त्या शिक्षणाची पहिली इयत्ता अगदी साधी आहे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांस हरकती व सूचना नोंदविण्यासाठी 30 दिवसांची मुदत मिळते. त्या तीस दिवसांत जमिनीचे दलाल व इमारतींचे धंदेवाले कचेरीत नित्य येरझाऱ्या घालतात. गावचा शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि रोज पहाटेची लोकल पकडणारा नवा रहिवासी मात्र फिरकत नाही, कारण नकाशा वाचणे हे आपले काम आहे असे त्यास वाटत नाही.

शहापूर आणि मुरबाड यांचे भाग्य असे की ती अजून पुरती वाढलेली नाहीत. डोंबिवली वा बदलापूर यांस आता जे पश्चात्तापाने आणि अवाढव्य खर्चाने करावे लागत आहे, ते येथे ठरावाने आणि मोजणीच्या साखळीने करता येण्याजोगे आहे. ही सवड फार काळ टिकणार नाही, कारण समृद्धीने आणलेली मागणी कोणाच्या सवडीने थांबत नसते. तेव्हा पुढील निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास मतदाराने कमानीविषयी, चौकाविषयी वा सभागृहाविषयी काहीच विचारू नये. आपल्या प्रभागातील ओढ्याची हद्द कोठून कोठवर आहे, शाळेच्या पटांगणासाठी कोणता गट आरक्षित आहे आणि त्या आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात, एवढे तीन प्रश्न विचारावेत, आणि ज्यास त्यांची उत्तरे येत नसतील त्यास मत देऊ नये.